एखादा फुटबॉलपटू ज्या देशात स्थलांतरित झाला, पुढे त्याच देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि भन्नाट आहे: लास्लो कुबाला. जन्म बुडापेस्टचा, १९२७ सालचा. १९४९ मध्ये हंगेरीतल्या कम्युनिस्ट राजवटीतून तो ट्रकमध्ये लपून पळाला, तेही सोव्हिएत सैनिकाच्या वेशात! हंगेरीच्या तक्रारीवरून फिफाने बंदी घातली. स्वस्थ बसेल तर शपथ. त्याने इतर निर्वासित खेळाडूंसोबत 'हंगेरिया' नावाचा संघ काढला आणि १९५० मध्ये स्पेनचा दौरा केला. तिथेच बार्सिलोनाने त्याला उचललं.

बार्सिलोनाकडून त्याने चार लीग विजेतेपदं जिंकली. १९५२ मध्ये स्पोर्टिंग गिहोनविरुद्ध तर एकट्याने सात गोल ठोकले. चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्पेन अशा तीन देशांकडून तो खेळला, पण विश्वचषकात एकदाही उतरला नाही. ही चुटपुट मला आजही वाटते.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात बार्सिलोनातच झाली. मग १९६९ ते १९८० अशी अकरा वर्षं तो स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. करंडक एकही नाही, मात्र १९६६ नंतर थेट १९७८ मध्ये स्पेन विश्वचषकात पोहोचला तो त्याच्याच हाताखाली. माझ्या मते खेळाडू म्हणून तो कितीतरी मोठा.