पहिल्या प्राँगहॉर्नच्या आधी

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

वायोमिंगला प्राँगहॉर्नच्या, म्हणजे तिथल्या माळावरच्या हरणासारख्या जनावराच्या, पहिल्या शिकारीला निघालीस. तुझ्या मेसेजमध्ये पाच प्रश्न आहेत आणि पाचही रायफलीबद्दल. त्यांची उत्तरं आधीच देऊन टाकतो. तुझ्याकडे आहे ती टू फोर्टी थ्री (.२४३ कॅलिबरची रायफल) पुरे. २०० यार्डांवर झीरो कर, म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम नेमका लागेल अशी दुर्बीण बसव, आणि बेंचवर, म्हणजे नेमबाजीच्या टेबलाशी, बसून नेम धरण्यापेक्षा जमिनीवर बसून, काठीच्या टेकूवर रायफल ठेवून सराव कर. माळावर बेंच नसतं. आता हे पत्र जमिनीबद्दल आणि मांस थंड ठेवायच्या बर्फाबद्दल. वायोमिंगला पहिल्यांदा जाणारे फसतात ते तिथेच.

आधी टॅग, म्हणजे एक जनावर मारायचं लायसन्स. बाहेरच्या राज्यातल्यांना प्राँगहॉर्नचं लायसन्स ड्रॉमधून, म्हणजे सोडतीतून, मिळतं. अर्ज जूनच्या सुरुवातीला बंद होतात, त्याच महिन्यात निकाल. तीन-चतुर्थांश टॅग ज्यांनी प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत पुढचा नंबर लावणारे, वर्षागणिक साठणारे गुण) साठवले त्यांना, बाकीचे चिठ्ठ्या टाकून. तुझे पॉइंट शून्य. अलीकडच्या वर्षांत साध्या लायसन्सची फी ३२६ डॉलर आहे, तर फक्त मादी किंवा पिल्लासाठी चालणारं 'टाइप ६' ३४ डॉलरला मिळतं. अर्जाची फी आणि कन्झर्वेशन स्टँप वेगळे. मादीच्या ड्रॉला पॉइंट लागतच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी मादीचा टॅग घे. शिंगांचा नाद लागला की माणूस चांगली संधी सोडून लांबच्या नराकडे बघत बसतो, आणि मग घाईत वेडीवाकडी गोळी झाडतो. मांस मादीचंही तेवढंच चांगलं. नराची हौस असेल तर जुलैपासून नुसता पॉइंट विकत घेता येतो, तो घेऊन ठेव.

आता खरी मेख. ड्रॉचे आकडे चाळशील तेव्हा दिसेल की पूर्वेकडचे, जिलेट आणि डग्लसच्या बाजूचे काही एरिया (टॅग ज्या ठराविक शिकार-क्षेत्रापुरता असतो ते) फार सहज मिळतात, कधीकधी टॅग उरतातही. तिथे जनावरं भरपूर, पण जमीन जवळजवळ सगळी रँचवाल्यांची. टॅग खिशात घेऊन रस्त्यावरून कळप बघत हिंडणारी मंडळी मी दर हंगामात बघतो. त्यामुळे एरिया निवडताना ड्रॉमधल्या शक्यतांचा कागद एका बाजूला आणि जमिनीचा नकाशा दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही उघडे ठेव. बीएलएमची (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल खात्याची) जमीन किती, ती सलग आहे की तुकड्यातुकड्यांची, आणि मुख्य म्हणजे सरकारी रस्त्यावरून तिथे पाय ठेवता येतो का. गेम अँड फिशची, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याची, 'वॉक-इन' क्षेत्रंही बघ. खासगी जमिनीवर शिकारीची सोय राज्यानेच करून ठेवलेली असते. काही ठिकाणी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, ती छापून जवळ ठेव.

दक्षिण वायोमिंगचा नकाशा उघडलास तर बुद्धिबळाचा पट दिसेल. १८६०च्या दशकात युनियन पॅसिफिक रेल्वेला लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैल देऊन टाकले, त्याचं हे फळ. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला भिडतात, उरलेले दोन खासगी. त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकलं तर अतिक्रमण होतं का, यावर एल्क माउंटनच्या शिकाऱ्यांचा खटला वर्षानुवर्षं चालला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे फेडरल अपील न्यायालयाने, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे खासगी जमिनीला पाय न लावता कोपरा ओलांडता येतो. तरी पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नकोस. फोनमधल्या नकाशाचा निळा ठिपका काही फूट इकडेतिकडे दाखवतो, आणि कोपऱ्याची खूण जमिनीवर सापडेलच असं नाही. शिवाय 'पाटी नव्हती' ही सबब तिथे चालत नाही. जमीन कुणाची हे माहीत करून घेणं शिकाऱ्याचं काम.

रँचवाल्याला विचारायचं असेल तर ऑगस्टमध्ये विचार, आणि फोनवर. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी दार ठोठावणारे त्याला नको झालेले असतात. मादी मारायची आहे हे पहिल्या वाक्यात सांग. नरासाठी पैसे मागणारे कित्येक जण मादीला सहज हो म्हणतात. त्याच्या जमिनीवर जनावर पडलं तर लायसन्सला जोडलेलं कूपन त्याच्या हातात द्यायचं, राज्य त्याला त्याचे पैसे देतं. आणि फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं.

एक फोन मात्र जरूर कर, त्या भागाच्या गेम अँड फिश कार्यालयातल्या बायॉलॉजिस्टला. लोक लाजतात, पण ही माणसं मनापासून बोलतात. जुन्या शिकाऱ्यांच्या सल्ल्यांवर विसंबू नकोस, माझ्यासकट. २०२२-२३ च्या हिवाळ्याने पश्चिम वायोमिंगमधले कळप इतके मारले की तिथले टॅग कितीतरी कमी करावे लागले. पाच वर्षांपूर्वीचा 'हमखास' एरिया आज ओसाड असू शकतो.

ग्रीनकार्ड हातात आलं, त्यामुळे तुझी बाजू सोपी झाली. इलिनॉयचं एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र, तू काढलं आहेसच. पण तुझी रूममेट अजून व्हिसावर आहे. व्हिसावरच्या माणसाने चालू हंटिंग लायसन्स नसताना बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. तेव्हा तिच्याकडे दुर्बीण आणि स्वयंपाक. 'जरा धर गं' असंही म्हणायचं नाही. (घरी आईला काय सांगायचं, ते तुझं तू बघ. भारतात १९७२ पासून शिकार बंद आहे, आणि प्राँगहॉर्नला इथे अँटिलोपही म्हणतात, तर आपल्या लोकांना अँटिलोप म्हटलं की रेहेकुरीचं काळवीट आठवतं. हे जनावर काळविटाच्या कुळातलं नाही, याचं जवळचं गोत जिराफाशी, एवढं सांगून बघ.)

मुक्काम बीएलएमच्या जमिनीवर कर. साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर शिकार चालते, पण मुक्काम आणि शेकोटी चालत नाही. नकाशात ती निळ्या रंगात दिसते. झाड औषधालाही नाही, तेव्हा लाकडाच्या भरवशावर राहू नकोस, गॅसची शेगडी ने. वाऱ्याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. उंच घुमटाचा कौटुंबिक तंबू रॉलिन्सच्या आसपास एका रात्रीत आडवा होतो. बुटका तंबू, लांब खुंट्या, आणि तो मोडलाच तर गाडीत झोपण्याची तयारी. सप्टेंबरात दुपारी घाम फुटतो आणि पहाटे बाटलीतलं पाणी गोठतं. पाणी पिंपाने ने. पाऊस आला की तिथली माती चाकाला अशी लपेटते की फोर-व्हील ड्राइव्हचं काही चालत नाही. चिखल असेल तर वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही. सोमवारी ऑफिस असलं तरी.

आता जनावर. दोन मैलांवरून तुला बघेल आणि मनात आलं तर ताशी ५५ मैलांनी निघून जाईल. पळण्यात त्याला हरवण्याचा विचार सोड. गाडी लांब लाव, उंचवट्यामागे पालथी पड आणि दुर्बिणीतून तासभर नुसती बघत राहा. कळप कुठे चरतो, कुठे बसतो, मधे कुठली घळ आहे. मग पूर्ण वळसा घालून घळीतून जा. शेवटचे शंभर यार्ड रांगत जायचे, म्हणून गुडघ्यांना पॅड आणि हातात चामड्याचे मोजे. निवडुंग गवतात लपलेला असतो आणि त्याचे काटे रात्री चिमट्याने काढावे लागतात. रायफलच्या हंगामात चमकता नारिंगी किंवा गुलाबी कपडा अंगावर हवाच.

एक जागा मुद्दाम बघ. काटेरी तारेच्या कुंपणात सगळ्यात खालची तार जिथे जमिनीपासून वर उचललेली आहे, तिथे खाली माती घासून गुळगुळीत झालेली दिसेल आणि तारेच्या काट्यांना पांढरे-तपकिरी केस अडकलेले असतील. प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, खालून सरपटतो. ती त्यांची रोजची वाट. वाऱ्याची दिशा बघून तिथून दीडशे यार्डांवर सेजब्रशमध्ये, म्हणजे माळावरच्या बुटक्या झुडपांत, बसलीस तर कळप आपण होऊन येतो.

गोळी २०० यार्डांच्या आत, आडव्या उभ्या असलेल्या जनावरावर, खांद्याच्या मागे. मागे दुसरी मादी उभी नाही ना, हे बघ. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच सरकवतो, आणि तिथे १० मैलांना कुणी वारा म्हणत नाही.

ती पडली की घड्याळ सुरू. प्राँगहॉर्नच्या मांसाला वास येतो म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा ते दुपारभर पिकअपच्या मागे उन्हात फिरवलेलं असतं. जनावराला लावायच्या कूपनवर (रँचवाल्याचं वेगळं) तारीख कापून झाली की लगेच पोट साफ कर, कातडं तिथेच उतरव. याचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, हात लागला की तुटतात आणि मांसाला चिकटतात. म्हणून सुरी कातड्याच्या आतून बाहेर चालव, केसांवरून नाही, आणि ओलं फडकं जवळ ठेव. पाय सुटे करून कापडी पिशव्यांत, सावलीत, वाऱ्यावर. गाडीत दोन मोठे कूलर आणि शिकागोहूनच गोठवून आणलेले पाण्याचे कॅन. हजार-अकराशे मैलांच्या वाटेत बर्फ विकत मिळतो, पण तंबूपासून सगळ्यात जवळचं दुकान तासाभरावर असू शकतं. मांस वितळलेल्या पाण्यात पडू देऊ नकोस, कूलरची तोटी उघडी ठेव. लिंगाचा पुरावा मांसाला लागून ठेवावा लागतो, तो कसा हे नियमपुस्तिकेत वाच.

मादी ४०-४५ किलोची असते. हाडं काढून साधारण १५ किलो मांस हाती येईल. पाठीची पट्टी तव्यावर मीठ-मिरीत, आतून गुलाबीच ठेवायची. चरबी नसते, जास्त शिजली की चामडं. नळ्या मात्र कुकरमध्ये, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, चांगल्या सात-आठ शिट्ट्या.

हंटर एज्युकेशनचं कार्ड अजून काढलं नसशील तर याच महिन्यात कोर्स कर. १९६६ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय तिथे शिकार करता येत नाही, आणि वसंतात वर्ग भरून जातात. दोन-तीन एरियांचे नंबर काढून मेपर्यंत पाठव, आपण फोनवर नकाशा समोर ठेवून एकेक रस्ता बघू.

तुझा,
काका