सुरण खाजतो, करांदा कडू लागतो, कोनफळ बुळबुळतं

ताई, तुमच्या जाऊबाईंनी मुरुडहून पाठवलेल्या पिशवीत अर्धा सुरण, किलोभर करांदे आणि एक मोठं कोनफळ आहे. गेल्या वेळी सुरणाच्या भाजीने घरात सगळ्यांचे घसे खवखवले, म्हणून या वेळी तिन्ही एकत्र कुकरला लावून तीन शिट्ट्या काढल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. तिन्ही जमिनीतले कंद वाटले तरी तिघांचा त्रास वेगळा आणि त्यावरचा उतारा वेगळा. माझं माहेर अलिबागजवळचं, लग्नानंतर पंचवीस वर्षं पुण्यात आहे आणि दर थंडीत अशी एक पिशवी माझ्याकडेही येते. जे करते ते सांगते.

आधी सुरण. गेल्या वेळी नुसतं शिजवणं कमी पडलं असावं आणि आंबट घातलंच नव्हतं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेत, घशात टोचतात, म्हणून खाज. हे स्फटिक साध्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसतं धुऊन काही होत नाही. आमसूल, चिंच किंवा ताक आणि त्यासोबत पुरतं शिजवणं, दोन्ही हवं. आमच्याकडे सुरणाबरोबर आमसूल न विचारता पडतं ते यासाठीच.

चिरताना हात आणि सुरण दोन्ही कोरडे ठेवा, हाताला खोबरेल चोळा. ओल्या हाताने सुरण चिरला की मनगटापर्यंत खाज चढते. साल पातळ काढायच्या मोहात पडू नका, चांगली बोटाच्या पेराच्या निम्मी जाड काढा. अर्ध्या सुरणाचा कापलेला भाग वाळून कडक झाला असेल, ती चकतीही काढून टाका. आत फिकट गुलाबी किंवा पिवळसर गर लागेल. त्याच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून वीसेक मिनिटं ठेवा (अर्धा किलोला सात-आठ आमसुलं). ते पाणी फेका. दुसऱ्या पाण्यात पुन्हा तीन-चार आमसुलं आणि हळद घालून उघड्या पातेल्यात उकळा. बारा-पंधरा मिनिटांत सुरी लोण्यासारखी आत जाते. मग पाणी काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोडणीला टाकण्याआधी एक फोड गार करून तिचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून चावा आणि दोन मिनिटं थांबा. खाज लगेच येत नाही, मागून येते. माझी आई या दोन मिनिटांत दुसरं कुठलंही काम करत नसे, पातेल्यापाशी उभी राहायची. चुणचुणलं तर पुन्हा आंबट पाण्यात उकळायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाहुणे दारात आले म्हणून मी ही चव घेतली नाही. सासऱ्यांनी दुसऱ्या घासाला ताट बाजूला सारलं आणि काही न बोलता पाणी पीत बसले. तो दिवस मला अजून टोचतो. पाण्याने ती खाज जातही नाही. गार दही किंवा दूध द्यावं. ओठ, जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. घरात कोणाला मूतखड्याचा त्रास असेल तर त्यांना सुरण वाढू नका.

एवढं सांभाळलं की सुरणासारखी भाजी नाही. तुमच्याकडच्या निम्म्या सुरणाचे काप करा. उकडलेल्या जाडसर चकत्यांना आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तिखट, हळद आणि मीठ लावून ठेवा (आगळात मीठ असतंच, बेताने घाला). तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि तव्यावर कडेने तेल सोडत मंद भाजा. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. मासे न खाणाऱ्या माझ्या जावेला सुरमईच्या तुकड्यांऐवजी मी हेच वाढते.

करांद्यांना आमसूल नको. ते वेलावर पानांच्या बेचक्यात लागतात, जमिनीत नव्हे. त्यांचा कडूपणा काढायचा असतो. कच्चा करांदा कधीही तोंडात घालू नका. धुऊन, सालीसकट, भरपूर पाण्यात मूठभर मीठ घालून उघड्या पातेल्यात उकळा. कुकर नको, कारण कडू पाणी अर्ध्यावर फेकून नवीन घालायचंय. अर्धा-पाऊण तास लागतो. साल बोटाने सुटली की झाले. थोडा कडसर मागमूस राहतोच, आणि सकाळच्या चहाबरोबर तोच छान लागतो. पण दोन पाणी बदलूनही जीभ आक्रसेल इतका कडू असेल तर तो टाकून द्या. काही जातींतली कडू द्रव्यं यकृताला बाधतात. थंडीत पेण, अलिबागच्या बाजारात कातकरी बायका करांद्यांचे वाटे लावून बसतात. कुठले किती उकडायचे ते त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. जाऊबाईंनी तिथून घेतले असतील तर त्यांना विचारा. आणि रानात दिसला म्हणून अनोळखी कंद मात्र स्वतःहून कधी उपटून आणू नका.

कोनफळ तिघांत सगळ्यात गरीब. साल काढली की जांभळा गर आणि भरपूर बुळबुळ. काहींच्या हाताला थोडी खाजते, म्हणून कोरड्या फडक्यात धरून सोला. पाण्यात उकळलं की रंग पाण्यात उतरतो, म्हणून वाफवा. लिंबू पिळलं तर जांभळा रंग लालसर होतो, सोडा पडला तर निळसर-हिरवट. घाबरू नका, नासलेलं नसतं. सुरतेकडे डुमसला याच्या चकत्या बेसनात बुडवून, वर भरडलेले धने-मिरे लावून तळतात, त्याला कंदपुरी म्हणतात. घरी पहिल्यांदा करताय तर वाफवलेल्या फोडी तुपात जिरं, हिरवी मिरची टाकून परता, वर दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं. बुळबुळ तुपात परतली की जाते, झाकण ठेवलं की परत येते.

यातलं काहीही अख्खं फ्रिजमध्ये ठेवू नका, हवेशीर टोपलीत ठेवा. आणि तुमच्या अर्ध्या सुरणाला मधला खोलगट डोळा आला असेल तर त्याच्याभोवतीचा वाडगाभर तुकडा चिरू नका. राखेत घोळवून कोरड्या जागी ठेवा आणि पावसाच्या तोंडावर मोठ्या कुंडीत लावा. पुढच्या थंडीत पानं पिवळी पडून देठ आडवा झाला की उकरा.