‘इक्विटी’ला ‘समानता’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: जागतिक आरोग्यावरच्या पत्रकाचं भाषांतर करताना ‘इक्विटी’साठी ‘समानता’ लिहिलं, तर संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. शिवाय ‘सिव्हिल सोसायटी’ला ‘नागरी समाज’ चालेल का?

रेघ बरोबर आहे. ‘समानता’ म्हणजे इक्वॅलिटी, सगळ्यांना सारखंच; ‘इक्विटी’ म्हणजे ज्याला जे न्यायाचं ते. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, तिथे तो शब्द चपखल बसतो. आरोग्यात मात्र घोटाळा होतो. कोव्हिडच्या लशीच आठवा. देशादेशांत लस वाटण्याच्या ‘कोव्हॅक्स’ या आंतरराष्ट्रीय योजनेत, पहिल्या टप्प्यात, लोकसंख्येच्या २० टक्क्यांपर्यंत सगळ्या सहभागी देशांना एकाच प्रमाणात लस द्यायची असं ठरलं. समानता झालीच की! पण एकीकडे साथ भडकलेली, दुसरीकडे कंपन्यांशी परस्पर करार करून साठा केलेला, आणि माप दोघांना तेच.

‘समता’ जवळचा शब्द, पण तो मूल्याचा. समता सैनिक दलापासूनचं वजन त्याला आहे. ‘समतावादी लसवाटप’ म्हणून बघा, जीभ अडखळते.

माझं मत ‘समन्याया’ला, विशेषण ‘समन्यायी’. शब्द मूळचा कायद्याच्या परिभाषेतला. तिथेच पडून असता तर सुचवलाही नसता. पण पाण्याच्या चळवळींनी तो गावोगाव नेला. जायकवाडीच्या वादात ‘समन्यायी पाणीवाटप’ वाचलं नाही असा मराठी वर्तमानपत्राचा वाचक विरळाच. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही हक्क. गंमत म्हणजे पाण्यात डोकी मोजणं न्याय्य ठरलं, लशीत तेच अपुरं पडलं. म्हणजे ‘समन्यायी’ शब्द माप ठरवून देत नाही, कुठलं माप न्यायाचं हे विचारायला लावतो. ‘समान’मध्ये ती सोय नाही.

आता ‘नागरी समाज’. ‘सिव्हिल सोसायटी’ म्हणजे सरकार आणि बाजार यांच्याबाहेरच्या, लोकांच्या संघटना. मराठीत ‘नागरी’ म्हटलं की नगरपालिका, गटारं, पाणीपट्टी आठवते. पाड्यावरची आरोग्यसेविका त्यात कुठे बसणार? डिसेंबर २००० मध्ये बांगलादेशातल्या सावर या गावी जगभरच्या संघटनांची आरोग्य सभा भरली, तिच्या इंग्रजी नावातही ‘पीपल्स’च होतं. आपल्याकडच्या अशा संघटनांच्या मंचालाही ‘जन आरोग्य अभियान’ म्हणतात, नागरी नव्हे. तेव्हा ‘जनसंघटना’ लिहा.

शीर्षक असं करता येईल: ‘जगात समन्यायी आरोग्य: जनसंघटनांची भूमिका’. पुन्हा रेघ आली तर कळवा.