मुंबई ते नागपूर विमानाने किती अंतर आणि किती वेळ?

सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर. प्रत्यक्ष हवेत तासभर, फार तर सव्वा तास. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसते, कारण ती विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडे गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. म्हणून उड्डाणाआधी रांग लागते आणि परतताना बऱ्याचदा आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात हे जास्तच!

टर्मिनल टी१ की टी२ हे निघण्याआधी तिकिटावर नक्की बघा. चुकलात तर रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. बॅग द्यायची असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोहोचाच.