नव्या विषयाच्या एम.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या कॉलेजातल्या डेटा सायन्सच्या दोन बॅच बाहेर पडल्या, आता अभ्यास मंडळापुढे बदल मांडायचेत, तर कुठल्या विद्यापीठाचा सिलॅबस समोर ठेवावा, असं तुम्ही विचारलंय. आधी कुणाचाच ठेवू नका.

सोलापुरात मी हेच काम केलंय. पहिल्या खेपेला आम्ही चार मोठ्या संस्थांचे सिलॅबस घेऊन प्रत्येकातलं थोडं उचललं. फिजिक्समध्ये हे खपून जातं, तिथला गाभा कधीच ठरलाय. इथे सगळेच एकमेकांचं बघून लिहितायत.

दुसऱ्या खेपेला मुलांच्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या डायऱ्या काढल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात गेलेल्या मुलीला मागणीचा अंदाज बांधायचा होता. एक्सेलमध्ये एकच माल 'टर्की', 'टर्किश', 'टी. टॉवेल' अशा तीन नावांनी, कुठे किलोत तर कुठे डझनात. साडेतीन आठवडे नुसत्या साफसफाईत गेले. आमच्या सिलॅबसात डेटा क्लीनिंगला अर्धं युनिट, न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या मॉडेलांना, अख्खा पेपर!

उत्तरपत्रिकाही चाळा. नापास किती ते सोडा, कुठला प्रश्न सगळे ऑप्शनला टाकतात ते बघा. आमच्याकडे प्रॉबॅबिलिटीतलं बेजचं प्रमेय. मुलं ढ नव्हती, पण केमिस्ट्री करून आलेल्यांनी बारावीनंतर प्रॉबॅबिलिटी पाहिलीच नव्हती. मग प्रॉबॅबिलिटी पहिल्या सेमिस्टरला आणली, न्यूरल नेटवर्क तिसऱ्यात ढकललं.

भांडण होतं ते क्रेडिटवरून. आमच्याकडे दोन वर्षांत ८८. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलला ३०. नवं घालायचं म्हणजे कुणाचा तरी वर्कलोड कमी होणार, आणि मीटिंग तिथेच अडते. सॉफ्टवेअरची नावं मात्र युनिटच्या मजकुरात घालू नका, प्रॅक्टिकलच्या यादीत ठेवा. नाहीतर एक नाव बदलायला अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, की वर्ष गेलं.

फीडबॅक फॉर्म नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलीला बरे. त्यात सगळे पाचपैकी साडेचारच देतात. त्यापेक्षा नोकरीला लागलेल्या पाच-सहा जणांना रविवारी फोन लावा. 'कॉलेजातलं काय उपयोगी पडलं?' असं विचारू नका, मुलं सरांचं मन राखतात. 'पहिल्या तीन महिन्यांत रात्री यूट्यूबवर काय शिकावं लागलं?' असं विचारा. मी पाच जणांना विचारलं, त्यातल्या चौघांनी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, सांगितलं. आम्ही ते बी.एस्सी.लाच झालं असेल म्हणून वगळलं होतं.