प्रशिक्षकाचा रकाना

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तुझ्या प्रशिक्षक सरांचं सायकलिंग संघटनेशी वाजलंय, म्हणून तुला सांगण्यात आलंय की त्यांच्यासोबत दिसू नकोस आणि प्रवेश अर्जावर त्यांचं नाव घालू नकोस. तू विचारतेस, "काका, चार महिन्यांचाच प्रश्न आहे, गप्प राहिले तर काय बिघडलं?"

जर्मन सायकलपटू आल्बर्ट रिश्टरबद्दल तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो. १९१२ साली कोलोनच्या एरेनफेल्ड भागात जन्मलेला पोरगा. घरच्यांपासून लपवून ट्रॅकवर जायचा. एर्न्स्ट बर्लिनर या माजी सायकलपटूनं त्याला हेरलं आणि घडवलं. बर्लिनर ज्यू होता. १९३२ मध्ये रोमला रिश्टर हौशी गटातला स्प्रिंटचा, म्हणजे कमी अंतराच्या वेगवान शर्यतीचा, विश्वविजेता झाला, तेव्हा त्याला वीसही पूर्ण नव्हती. त्याच्या पायातला जोर बघून फ्रेंच लोक त्याला 'जर्मन आठ-सिलिंडर' म्हणायचे.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. ज्यू मॅनेजर सोडून देणं ही तेव्हा सगळ्यात सोपी गोष्ट होती, कुणी नावंही ठेवली नसती. रिश्टरनं बर्लिनरला सोडलं नाही. १९३४ चा हॅनोवरमधला एक फोटो आहे, तो नीट बघ. आजूबाजूला नाझी सलामासाठी हात वर गेलेत, आणि याचा हात खाली, अंगालगत. जर्सीवरही तो नाझींचं स्वस्तिक टाळून जर्मनीचं जुनं चिन्ह, गरुडच लावायचा. बर्लिनरला १९३७ मध्ये देश सोडून हॉलंडला जावं लागलं, तरी दोघांचं नातं टिकलं.

व्यावसायिक गटात त्याला जागतिक सुवर्ण कधीच मिळालं नाही. १९३३ ते १९३८ दर वर्षी पदक, पण रुपेरी नाहीतर कांस्य. बेल्जियमचा जेफ शेरेन्स बहुतेक वेळा पुढे असायचा, आणि तोच त्याचा जिवलग मित्र होता. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये एकमेकांवर तुटून पडणारी ही माणसं ट्रॅकबाहेर एकमेकांना सांभाळायची. मला त्याच्या पदकांपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

९ डिसेंबर १९३९ ला त्यानं बर्लिनची मोठी शर्यत जिंकली. ३१ तारखेला तो स्वित्झर्लंडला जाणाऱ्या गाडीत बसला, सोबत सायकल होती. सीमेवर वाइल आम राइनला त्याला उतरवलं आणि सायकलचे टायर कापले. आत १२,७०० मार्क शिवलेले होते, देश सोडून गेलेल्या एका ज्यू मित्राचे. २ जानेवारी १९४० ला लोराखच्या तुरुंगात तो मेलेला आढळला. वय सत्तावीस. मृत्यूचं कारण मात्र दर वेळी नवं सांगितलं गेलं: कधी अपघात, कधी गोळी, कधी गळफास. त्याचं नाव कायमचं पुसलंय असंही छापून आलं. आज कोलोनच्या वेलोड्रोमला, म्हणजे सायकल शर्यतींच्या स्टेडियमला, त्याचंच नाव आहे.

तुझ्यावर तसली वेळ आलेली नाही, आणि येऊही नये. तुझा फार तर एक कॅम्प जाईल. तो लहान नाही, मला ठाऊक आहे. तीन वर्षं पहाटे साडेचारला उठलीयेस. भीती वाटते हे मोकळेपणानं लिहिलंस, बरं केलंस. पण मीही एकदा प्रशिक्षकाचा रकाना कोरा ठेवला होता. शर्यत जिंकलो. सर गॅलरीत बसले होते आणि मी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडलो. पुढे भेटून माफी मागेन म्हणत राहिलो, तोवर ते गेले.

भांडण करू नकोस, कुणाला उलट बोलू नकोस. अर्जावर सरांचं नाव लिही, प्रत काढून ठेव, आणि नाव कापलंच तर कारण लेखी माग. निवडीच्या वेळा आहेत, त्या तुझ्या पायांनी नोंदवलेल्या आहेत. लेखी उत्तर आलं की पुढचं आपण बघू.

रविवारी घरी ये. मागच्या चाकाचा ट्यूब्युलर, तो आत ट्यूब घालून शिवलेला टायर, शिवणीपाशी फुगलाय म्हणालीस ना, तोही आण. उसवून परत कसा शिवायचा ते दाखवतो. सरांनाही घेऊन ये, काकू थालीपीठ लावणार आहे.

तुझा,
काका