लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडला रस्त्याच्या बाजूने खिडक्या का नाहीत?

कारण दंगलीची धास्ती. चोरांचीही होतीच, पण आधी दंगलीची.

बँक १६९४ची, थ्रेडनीडल स्ट्रीटवर ती आली १७३४ साली. १७८०मध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध उसळलेल्या गॉर्डन दंगलीत जमाव थेट बँकेवर चालून आला आणि त्याला कसंबसं परतवून लावलं गेलं. त्यानंतर रोज रात्री सैनिकांचा पहारा बसू लागला, तो पार १९७३पर्यंत चालू होता! शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून कुणी बँकेवर हल्ला करेल, या भीतीने ते अख्खं चर्चच पाडून टाकलं.

१७८८ मध्ये जॉन सोन बँकेचे वास्तुविशारद झाले आणि पुढची ४५ वर्षं तिथेच राहिले. रस्त्याकडची ही बिनखिडक्यांची भिंत त्यांचीच. आता खरी पंचाईत अशी, की भिंतीला खिडकी नाही, तर आत खातेवह्या लिहिणाऱ्या कारकुनांना दिसणार कसं? मेणबत्त्या लावाव्यात तर कागदांना आगीची भीती. सोन यांनी उजेड वरून घेतला. दालनांवर घुमट आणि कमानी, त्यांच्या माथ्यावर काचेचे झरोके, अधूनमधून मोकळे चौक. छताच्या कमानींत लाकूड टाळून त्यांनी मातीची पोकळ भांडी बसवली. वजन कमी, शिवाय आग लागायची चिंता नाही. मला विचाराल तर त्यांची सगळी हुशारी या छतांत आहे. बाहेरची भिंत ओकीबोकी वाटू नये म्हणून खांब आणि खोटे कोनाडे दिले, एका कोपऱ्यावर इटलीतल्या तिवोलीच्या गोल देवळाची आठवण देणारी रचना केली. पण ती झाली सजावट.

दुर्दैवाने आतलं बहुतेक सगळं गेलं. पहिल्या महायुद्धानंतर काम आणि माणसं वाढली, जागा पुरेना. १९२५पासून हर्बर्ट बेकर यांनी (हो, दिल्लीचं सचिवालय बांधणारे तेच) सोन यांची दालनं पाडली, बाहेरची भिंत तेवढी ठेवली आणि तिच्या आत उंच इमारत उभी केली. म्हणून मान वर केलीत तर भिंतीच्या वर खिडक्या दिसतात, त्या बेकर यांच्या. जागेची अडचण मान्य, तरी एक-दोन दालनं तरी राखायला हवी होती असं मला वाटतं. गंमत म्हणजे १८३० मध्ये सोन यांनी जोसेफ गँडी या चित्रकाराकडून आपल्याच बँकेचं भग्नावशेषासारखं चित्र काढून घेतलं होतं. शंभर वर्षंही लागली नाहीत.

लंडनला जाणार असाल तर बार्थोलोम्यू लेनवरच्या बँकेच्या संग्रहालयात जरूर जा, तिकीट नाही. सोन यांचं एक दालन तिथे १९८८ मध्ये जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हा उभारलंय, वरून येणारा उजेड म्हणजे काय ते तिथे कळतं. तळघरातल्या सोन्याच्या सुमारे ४ लाख विटा बघायला मिळत नाहीत, पण संग्रहालयातल्या पेटीत हात घालून एक खरी वीट उचलून बघता येते. साधारण १३ किलोची आहे, एका हाताने जड जाते.